वरच्या अंगाची वाट

रंगभूमीवर आयुष्य गेलेल्या बाईला एक खोड लागते. समोरच्या माणसाचं तोंड ती नंतर बघते, आधी त्याची चाल बघते. आमच्या कंपनीचे तालीममास्तर म्हणायचे, राणी आणि दासी यांच्यातला फरक शालूत नसतो, पावलात असतो. दासीचं लुगडं नेसवलेली राणी लपत नाही, आणि राणीचा मुकुट घातलेली दासी दोन पावलांत उघडी पडते.

तीन वर्षांपूर्वी सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या आमच्या गल्लीत एक नवं बिऱ्हाड आलं. हळदीचा हंगाम होता, सगळी हवा पिवळ्या वासाची झालेली. मी गॅलरीत उभी होते. टेम्पोतून गाद्या, पिंप, कपाट असं काय काय उतरत होतं आणि त्या गडबडीतून साठीच्या पुढची एक बाई डोक्यावर लोखंडी ट्रंक घेऊन आली. एक हात ट्रंकेला, दुसरा मोकळा. मान हलत नव्हती. पाऊल पूर्ण टेकत होतं आणि पूर्ण उचलत होतं. सपाटीवर जी लय, तीच जिन्यावर. मी मनात म्हटलं, ही राणी आहे.

त्या दगडाबाई. आटपाडीकडच्या धनगराच्या. मुलगा पप्पू यार्डात स्वतःचा टेम्पो चालवतो, सून स्वप्नाली मिरजेला एका दवाखान्यात नर्स आहे. आणि आतल्या खोलीत खाटेवर पडून असलेले त्यांचे मालक, बिरदेव. गावाकडे ओट्यावरून पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मिरजेत ऑपरेशन झालं, पण पुन्हा ते उभे राहिले नाहीत. म्हणून मुलानं दोघांना सांगलीला आणलं.

मी पहिल्याच आठवड्यात वाटीभर खीर घेऊन गेले आणि तिथलीच झाले. मला सगळे 'नाटकवाल्या बाई' म्हणू लागले. बिरदेव खाटेवरून माझ्याकडं बोट करून म्हणाले, "खरसुंडीच्या जत्रेत तुमचा खेळ बघितलाय बाई. तुमी लय रडला हुता." मी म्हटलं, तिकिटाचे पैसे वसूल व्हायला नकोत का तुमचे? ते म्हणाले, "तिकीट कुणी काढलं हुतं? कनातीखालनं घुसलो." अशी आमची ओळख झाली.

आता त्या दोघांच्या भांडणाबद्दल सांगते, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

दगडाबाईंच्या माहेरची आणि सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरं घेऊन दिवाळीनंतर आटपाडीकडून निघायची ती विटा, कऱ्हाड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरून कोकणात जायची, आणि पावसाच्या आधी परत यायची. मोगलाईतही याच वाटेनं मेंढरं जात होती असं बिरदेव सांगायचे. खरं-खोटं बिरोबा जाणे. पण ही वाट एक नव्हती, दोन होत्या. सकाळी तळ उठला की बाया घोड्यांवर भांडी, कोंबड्या, आजारी कोकरं, लहान पोरं असं सगळं लादून खालच्या अंगाच्या वाटेनं, म्हणजे गाडीरस्त्यानं, पुढच्या मुक्कामाला जायच्या. तिथं पाणी धरून तळ टाकायच्या, चुली मांडायच्या. गडी माणसं मेंढरं घेऊन वरच्या अंगानं, माळामाळानं, डोंगराच्या कडेनं चारत चारत यायची आणि संध्याकाळी धूर बघून तळावर उतरायची. सकाळी फाटाफूट, संध्याकाळी भेट. लग्नानंतर दगडाबाईंनी उभी पंचवीस वर्षं अशी काढली. मग मेंढरं विकली, विहीर पाडली, शेती केली. आज तीच खालची वाट गुहागर-विजापूर रस्ता झाली आहे आणि तिच्यावरून पप्पूचा टेम्पो भरधाव जातो.

आणि बिरदेवांचं आयुष्यभराचं एक टुमणं होतं. कसलाही विषय निघाला, भाजीत मीठ कमी पडलं, पप्पूच्या लेकीची परीक्षा आली, की ते म्हणायचे, "तुमा बायांना काय म्हाईत वाट? घोड्याचा कासरा धरून सडकंनं हिंडायचं. खरी वाट आमी चाललो." दगडाबाई पोळ्या लाटता लाटता ऐकून घ्यायच्या. कधी एखादं उत्तर द्यायच्या, की चालून आल्यावर आयती भाकरी कोण थापत हुतं. पण ते टुमणं त्यांना लागायचं. मला एकदा म्हणाल्या, पंचवीस वर्षं मी बी तितकंच चालले, रस्ता मऊ हुता म्हणून पायाचं चालणं कमी हुतं व्हय?

पुढं एकदा तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पप्पूला बाजूला घेऊन सांगितलं की वडिलांची आठवणही हळूहळू विरत जाणार आहे. आजचं आधी जाईल, जुनं शेवटी. दगडाबाईंनी ते ऐकलं. आठ दिवसांनी एका सकाळी माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "बाई, रविवारी मालकांपाशी वाईच बसशीला का? मला जायचं हाय."

कुठं, विचारलं तर म्हणाल्या, "वरच्या अंगानं."

त्यांचा बेत साधा होता. सगळी वाट एका दमात चालायचं वय नव्हतं आणि घर टाकून महिनाभर जाताही येत नव्हतं. म्हणून तुकडे पाडायचे. एसटीनं जायचं, एक तुकडा चालायचा, एसटीनं परत. पुढच्या खेपेला जिथं थांबलो तिथूनच उचलायचं. आम्ही नाही का, एकेक प्रवेश वेगळा बसवून शेवटी नाटक उभं करत होतो? तसंच. प्रत्येक तुकड्याची वाट मालकांनी सांगायची, आणि परत आल्यावर त्यांच्यापुढं सांगून दाखवायची. घाटमाथ्यापर्यंत पोचायचं, आणि त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं की होय, ही वरच्या अंगानं चालून आली. त्यांना आठवतंय तोवर.

"दुसऱ्यानं सांगून काय उपेग न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांनीच म्हणाया पायजे."

पप्पूनं खूप विरोध केला. या वयात, एकटी, डोंगरात. शेवटी म्हणाला, आई, मी तुला टेम्पोत घालून एका दिवसात घाट दाखवून आणतो. त्या म्हणाल्या, "ती माझीच वाट दावशील मला. ती मी बघितलीया."

पहिला तुकडा गावच्या बिरोबापासून खरसुंडीपर्यंतचा. संध्याकाळी त्या परत आल्या, हातपाय धुतले, खाटेपाशी बसल्या. बिरदेव उशीला टेकून न्यायाधीशासारखे बसले होते. मी साक्षीला.

काय काय लागलं, त्यांनी विचारलं. दगडाबाईंनी सांगितलं, आधी माळ, मग डाळिंबाच्या बागा, तारांचं कुंपण, मग ओढा.

"ओढा?" बिरदेव म्हणाले. "सकाळच्या पारी मेंढरं वढ्याला कशाला जातील? तू आपली खालच्या अंगानंच गेलीस. निदान हंडा तरी न्यायचा, पाणी आलं असतं घरात."

आणि तसंच झालं होतं. दगडाबाईंना स्वतःलाच कळलं नव्हतं. लहानपणापासून त्यांनी तळ टाकायचा म्हणजे पाणी शोधायचं, एवढंच केलेलं. फाटा आला की पाऊल आपसूक उताराला वळायचं. मेंढराचं पाऊल वाऱ्याकडं आणि गवताकडं जातं, बाईचं पाण्याकडं. पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या, पुन्हा ओढ्यालाच पोचल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी युक्ती काढली. फाटा आला की थांबायचं, पाय कुठं वळतोय ते बघायचं आणि बरोबर उलटीकडं जायचं. "पाय म्हणंल त्याच्या इरुद्ध," त्या मला सांगत होत्या, "सुनंसारखं." ही युक्ती बहुतेक वेळा लागू पडायची. एकदा मात्र तिनं त्यांना खडी क्रशरच्या फाटकावर नेऊन उभं केलं आणि तिथला वॉचमन त्यांना कामाला आलेली बाई समजला. दुपारची भाकरी मात्र त्यानं त्यांच्याबरोबरच खाल्ली.

खरसुंडीचा तुकडा चौथ्या खेपेला पास झाला. बिरदेवांनी एकच खूण विचारली, टेकाडावरचा हिवर कुठल्या हाताला? दगडाबाई म्हणाल्या, हिवराचं झाड आता नाही, पण तोडलेला बुंधा आहे, डाव्या हाताला. बिरदेवांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. ते कबूल करायचे ते असं.

मग रविवारांची एक लय लागली. पहाटे त्या निघायच्या. खांद्यावर मालकांचं घोंगडं, हातात मालकांचीच काठी, उन्हासाठी डोक्याला मालकांचा जुना पटका. लुगड्याचा काष्टा घट्ट. तिथं पोचल्यावर आधी ज्या झाडाला पाठ टेकून मागच्या वेळी थांबल्या त्या झाडाला हात लावायचा आणि मग पुढचं पाऊल. एकदा ते झाड रस्तारुंदीत गेलेलं होतं. कुणी बघायला नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, तरी त्या मागच्या ओळखीच्या बांधापर्यंत उलट चालत गेल्या आणि तो तुकडा पुन्हा चालल्या. मी म्हटलं, थोडं इकडं तिकडं झालं तर काय बिघडलं असतं? त्या म्हणाल्या, मधी भोक ऱ्हायलं असतं. ह्या एका वाक्यासाठी मी त्यांना दंडवत घालते. आम्ही नटमंडळींनी एखादा प्रवेश गाळून नाटक उरकलेलं आहे, आणि प्रेक्षकांना कळलंही नाही.

कडेगाव ओलांडल्यावर ऊस सुरू झाला. पूर्वी तिकडं जिराईत शेतं होती. मेंढरं शेतात बसवून घ्यायला शेतकरी वाट बघायचे, लेंड्यांचं खत मिळायचं म्हणून. आता पाणी आलं, बारमाही ऊस आला आणि वाट उसात गडप झाली. दगडाबाई एका फडाच्या कडेला उभ्या राहून विचार करत होत्या, तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. मिशा पांढऱ्या, कमरेत ताठ. आकाराम त्यांचं नाव, फौजेतून हवालदार म्हणून परत आलेले. हा सगळा संवाद दगडाबाईंनी मला घरी येऊन करून दाखवला, मिशांसकट.

"कुठं निघाला मावशी? उसात बिबट्या हाय."

"वाट हाय हितनं."

"माझ्या उसातनं?"

"ऊस आत्ताचा हाय. वाट जुनी हाय."

आकारामांनी त्यांच्या खांद्यावरचं घोंगडं बघितलं. मग विचारलं, कुणाच्या? दगडाबाईंनी सासऱ्यांचं नाव सांगितलं. त्यावर त्या हवालदाराचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. त्यांच्या वडलांच्या शेतात हीच मेंढरं बसायची, आणि लहानपणी त्यांनी या लोकांच्या तळावर मेंढीचं दूध पिऊन पोट बिघडवून घेतलं होतं. त्यांनी खोपीतून एक पत्र्याचा डबा आणला, काठी घेतली आणि म्हणाले, "पुढं मी. डिस्टन्स ठेवून या." असा डबा बडवत त्यांनी त्या उसातून दगडाबाईंना पलीकडं काढलं. पलीकडच्या टेकडीच्या पायथ्याला सॅल्यूट ठोकला. आकारामांच्या जागी त्यांचा मुलगा असता तर त्यानं उसातनं जाऊ दिलं असतं का, कोण जाणे.

असं करत उन्हाळा संपेपर्यंत त्या कऱ्हाडच्या पुढं गेल्या. पावसाळ्यात थांबल्या. पावसात मेंढरंही ती वाट चालत नव्हती.

आणि त्या पावसाळ्यातच बिरदेवांची आठवण झपाट्यानं विरली. मी त्यांच्यापाशी बसलेली असायचे म्हणून मला ते जवळून दिसलं. आधी जेवले की नाही ते विसरायला लागले. मग सुनेचं नाव. मग मी कोण ते. एकदा मला म्हणाले, तिकीट काढलंया आमी. डोळे मात्र तसेच तीक्ष्ण, लांबवर बघणारे. दिवाळीनंतर दगडाबाईंनी मल्हारपेठेकडचा तुकडा केला, त्याची वाट बिरदेवांनी नीट सांगितली. पाटणपर्यंतचा सांगता सांगता दोनदा अडखळले. आणि पाटणच्या पुढची वाट विचारली, तेव्हा ते थांबले.

"पाटणच्या पुढं," ते म्हणाले. "पाटणच्या पुढं पाटण."

दगडाबाईंनी तेच दुसऱ्या तऱ्हेनं विचारलं. तिसऱ्या तऱ्हेनं विचारलं. बिरदेव चिडले, पाण्याचा तांब्या लोटला. ती पाटी पुसली गेली होती.

दुसऱ्या कुणाला विचारावं तर त्यांचे भाऊ गेलेले, आणि पुढची पोरं आता मेंढरं ट्रकातून नेतात. दगडाबाई तरी गेल्या. पाटणच्या पुढच्या डोंगरात एका धनगरवाड्यावर रंगूबाई म्हणून एक म्हातारी भेटली, तिनं ताक पाजलं, पण तिची माणसं म्हशीवाली, मेंढरांची वाट तिला ठाऊक नव्हती. पवनचक्क्यांचे रस्ते, करवंदीची जाळी आणि तिन्ही बाजूंना सारखेच दिसणारे डोंगर. पाय म्हणेल त्याच्या विरुद्ध जाऊनही त्या दोनदा कड्यावर अडकल्या आणि दोनदा परत आल्या. दुसऱ्या वेळी गुडघा सोलला होता. पप्पू म्हणाला, आता बास. त्या गुडघ्याला हळद लावत बसल्या. मला वाटलं, संपलं. शेवटचा अंक तसाच राहणार.

त्या आठवड्यात मी बोलता बोलता त्यांना म्हटलं, तुमचे मालक दुपारी काहीतरी बडबडतात हल्ली. जेवण झालं, डोळा लागायच्या बेतात आले, की एकच विचारतात. पांढरी दिसतीया का? मी होय म्हणेपर्यंत झोपत नाहीत. काय पांढरी, ते काही मला कळत नाही. बहुतेक भिंत.

दगडाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आमची घोडी पांढरी हुती," त्या म्हणाल्या.

मग जे बोलल्या ते तुटक तुटक. पंचवीस वर्षं त्या घोडीचा कासरा त्यांच्या हातात होता. गडी संध्याकाळी धूर बघून उतरतात, दिवसभर कुठं असतात कुणाला ठाऊक, अशी बायांची समजूत होती. मालकही तसंच म्हणायचे, की एकदा मेंढरं माळाला लागली की तुमची कुणाला आठवण. आणि इथं ते दुपारच्या झोपेत घोडी शोधत होते.

"म्हंजी वरनं आमी दिसत हुतो," दगडाबाई म्हणाल्या. "दिसायचोच. जिथनं दिसल तिथनंच हे चालत हुते."

त्या उठल्या, पदर झटकला. वाट सापडली होती, त्यांच्याच पदरात. वरची वाट त्यांना माहीत नव्हती, पण खालची तळहातावरच्या रेघेसारखी पाठ होती. कुठं थांबायचो, कुठं घोडी पाण्यावर न्यायचो, कुठं चूल मांडायचो. आता फक्त उलटं करायचं. खाली घोडी उभी करायची आणि वर अशी जागा शोधत चालायचं, जिथून ती दिसते.

अडचण एवढीच की घोडी कुठून आणायची.

वाचकहो, मी पुष्कळ भूमिका केल्या. घोडीची पहिल्यांदाच केली. माझ्या पेटीत एका साध्वीच्या भूमिकेतली पांढरीशुभ्र नऊवारी होती, नाटक बंद पडलं तरी मी ती दर वर्षी उन्हात घालत होते. ती आम्ही पप्पूच्या टेम्पोच्या हौद्यावर पसरून चारी बाजूंनी बांधली. पप्पू तोंड पाडून गाडी चालवत होता. आईनं त्याला सगळे तळ तोंडपाठ करायला लावले होते. पाटण सोडल्यापासून एकेका तळावर आम्ही गाडी लावून उभे राहायचो आणि वर डोंगराकडं बघत बसायचो. येणारे-जाणारे थांबायचे. एका दुचाकीवाल्यानं विचारलं, लग्न हाय का मयत?

"घोडी हाय," पप्पू म्हणाला.

तो माणूस गिअर टाकून पुढं गेला.

पहिल्या तळावरून वर डोंगराच्या धारेला काळा ठिपका दिसला आणि त्यानं घोंगडं हलवलं. मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्यांनी तो आधी मीच टिपला, याची नोंद व्हावी. दुसऱ्या तळावरही दिसला. असं दोन खेपांत, दोन रविवारी, आम्ही कोयनेच्या खोऱ्यातून पुढं सरकलो. दुसऱ्या खेपेला एका तळावर मात्र ठिपका येईना. ऊन चढलं. पप्पू आधी गाडीभोवती फेऱ्या मारत होता, मग डोंगराकडं निघालाच. मोबाईलला रेंज नव्हती. मी त्याला धरून ठेवलं. चूक झाली तर ती माझ्या बडबडीमुळं होणार होती.

आणि मग ठिपका दिसला, आम्ही बघत होतो त्याच्या कितीतरी वर. घोंगडं हललं, आणि हलतच राहिलं.

काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. तिथं मध्ये डोंगराची एक सोंड आडवी आली आणि पांढरं दिसेनासं झालं. पाय म्हणत होता, उतर, खाली पाणी आहे. विरुद्ध बाजूला कडा. पाय आणि पायाची उलटी बाजू, दोन्ही चुकीच्या. तेव्हा त्या बसून राहिल्या आणि स्वतःशी म्हणाल्या, ते माझ्याकडं बघत असते तर कुठं गेले असते? आणि उठून सरळ वर चढू लागल्या, करवंदीतून, हातांनी धरत. माथ्यावर एक सपाट खडक लागला. खडकावर चौकोन कोरलेले होते, खडे मांडून खेळायचा पट. झिजलेला, पण ओळखू येणारा. मेंढरं बसली की गडी माणसं असं खेळत बसायची. दगडाबाई तिथं बसल्या, खाली बघितलं, आणि खोऱ्यात बरोबर समोर, मध्ये एक झाडही आड न येता, पांढरं चकाकत होतं.

"तिथं मी चूल मांडत असणार," त्या मला म्हणाल्या, "आन् हे हितं सोंगट्या खेळत."

त्या रागानं म्हणाल्या की कशानं, ते मला ठरवता आलं नाही. चाळीस वर्षांच्या अभिनयानं मला तसला आवाज कधी लागला नाही.

दुपार कलायच्या आधी घाटमाथ्याला त्या रस्त्यावर उतरल्या. पायांवर ओरखडे, पटका घामानं चिकटलेला, काष्ट्यात काटे. पाणी मागितलं. घाटाच्या कडेला उभ्या राहून खाली कोकणाकडं बघितलं. पप्पूनं मोबाईलवर आईचा फोटो काढला. तो म्हणाला, आई, आता बस गाडीत. त्या म्हणाल्या, "चल. ते जागं असत्याल तवर पोचू."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होती. स्वप्नालीनं सासऱ्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. दगडाबाई तशाच आत गेल्या, घोंगडं, पटका, काठी सगळ्यासकट, पाय न धुता. मी दारात थांबले. उजेड त्यांच्या पाठीमागून होता.

बिरदेवांनी बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या.

"कोण रं?"

मला वाटलं, मी पुढं होऊन सांगावं. पण रंगमंचावर दुसऱ्याच्या प्रवेशात घुसायचं नसतं. दगडाबाई सव्वा वर्ष ज्याच्यासाठी चालल्या, ते मागायला त्यांनी तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं.

"मी. मेंढरं घिऊन आलो," त्या म्हणाल्या.

"समदी आली?"

"समदी."

"वरच्या अंगानं आलास न्हवं?"

"वरच्या अंगानं."

"सोंडंपाशी घोडी दिसत न्हाई. तिथं काय केलंस?"

"वर चढलो. खडकावर. तिथनं दिसली."

बिरदेवांनी मान डोलवली. दोनदा, तीनदा. पाटणच्या पुढची पाटी पुसलेली नव्हती, नुसती धूळ बसली होती, आणि बरोबरीचा गडी समोर उभा राहिल्यावर ती आपोआप साफ झाली. ते पुढं झुकले, आवाज खाली आणला.

"बाया पोचल्या?"

दगडाबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पोचल्या. चुली पेटल्यात."

"मग बरं हाय," बिरदेव म्हणाले, आणि मागे टेकले.

त्या बाहेर आल्या, न्हाणीत जाऊन पाय धुतले, पटका सोडला, लुगडं बदललं. त्यांच्या तोंडाकडं बघायचं धाडस मला झालं नाही, मी आपली स्वयंपाकघरात स्टोव्हपाशी रेंगाळले. पाचेक मिनिटांत त्या आल्या, चहा गाळला आणि कप घेऊन आत गेल्या. या वेळी बिरदेवांनी त्यांना बरोबर ओळखलं.

"कुठं हुतीस गं? एक गडी आला हुता."

"कोण?"

"नाव इचारायचं ऱ्हायलं." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "लय तगडा. घाटापातूर मेंढरं आणली, एक हुकलं न्हाई. सोंडंपाशी भले भले चुकत्यात, ह्यो न्हाई चुकला."

"आपल्यातला हुता व्हय?" दगडाबाईंनी विचारलं.

"मग," बिरदेव म्हणाले. "आपल्यातलाच. त्याबिगार का ती वाट चालंल?"

दगडाबाईंनी रिकामी बशी त्यांच्या हातातून घेतली आणि पुन्हा भरली.